बारा एकर बागायत आणि केसरबाईच्या म्हशी

वस्ती, नेकनूर शिवार,
जि. बीड
६ एप्रिल

चिरंजीव कचरू यास थोरली बहीण दगडाबाई हिचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

तू आजोबा झालास, कवळी बसवलीस, तरी माझ्याहून सात वर्षांनी लहानच आहेस, म्हणून चिरंजीव. तब्येत कशी आहे? साखर उतरली का? भिवराबाईची कंबर कशी आहे? (मी विचारलं म्हणून तिला सांग. मागच्या वेळी सांगितलं नव्हतंस, मला कळलं.) इकडे सगळे ठीक. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, तसे माझा संजय आणि सून माया ऊस तोडून परत आले. दोघांच्या हातांवर पाचटाचे चरे आहेत आणि दोघंही आठ दिवस नुसते झोपून काढतायत. माझा डावा गुडघा कधी माझा असतो, कधी नसतो. डोळ्यात मोतीबिंदू पिकायला आलाय म्हणतात. पिकू दे, उन्हाळाच आहे.

फोन सोडून पत्र कावून, असं तू म्हणशील. तर तुझा फोन लागतो, पण उचलते तुझी बायको भिवराबाई, आणि मोठ्या आवाजावर लावून ओट्यावर ठेवते. मागे मी माझ्या पोटाची तक्रार तुला सांगितली, तर पुढच्या आठवड्यात तुमच्या तलवाड्याच्या दोन बायकांनी मला बाजारात गाठून औषध सांगितलं. म्हणून पत्र. तू सातवीपर्यंत शिकलास ते आज कामाला येऊ दे. मी सांगतेय आणि संजयची पोरगी सत्यशीला लिहितेय. मी 'न्हाई' म्हणते, ती 'नाही' लिहिते. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. तिच्या हाताखालून मी चार बुकं शिकलेली बाहेर पडते. पडू दे.

तर मुद्दा असा की सत्यशीलाचं अमेरिकेचं झालं नाही. एवढंच कळवायचं होतं. पण एवढंच कळवलं तर तू भीमजयंतीला भेटल्यावर चारचौघांत विचारशील, 'आक्का, कसं काय झालं न्हाई बरं?' त्यापेक्षा आधीच सगळं सांगते.

बारावीचं वर्ष लागलं तेव्हा एकदा ती बीडच्या कॉलेजातून आली आणि दप्तर न काढताच म्हणाली, 'आजी, मी अमेरिकेला अर्ज करणार हाय.' मी भाकरी उलटत होते. म्हटलं, कर की. आपण रेशन कार्डाला अकरा अर्ज केले, बारावा अमेरिकेला. (रेशन कार्ड अजून दुरुस्त झालं नाही. त्यात संजय माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे.) मग तिनं समजावून सांगितलं. तिकडे अशी कॉलेजं आहेत की शंभर पोरं दारात उभी राहिली तर चार आत घेतात. पण एकदा आत घेतलं आणि घरी नसलं, तर शिकणं, राहणं, जेवण, सगळं तेच बघतात. मी म्हटलं, फुकट कोण देतं गं? ती म्हणाली, फुकट नाही, आधी आपल्याकडे खरंच काही नाही हे त्यांना पटवून द्यावं लागतं.

इथं मला पहिली ठेच लागली बघ. कचरू, आपण जन्मभर गरीब होतो, पण कुणाला पटवून द्यायची पाळी कधी आली नाही. लोक बघूनच ओळखायचे. त्यात परदेशातल्या पोरानं पैसे मागितले की बरीच कॉलेजं आधीच हात आखडतात म्हणे. म्हणजे हुशारीच्या रांगेत एकदा उभं राहायचं, गरिबीच्या रांगेत दुसऱ्यांदा, आणि दोन्हीकडे पहिला नंबर पाहिजे. मी विचारलं, बाबासाहेब शिकायला गेलते तेच गाव का हे? ती म्हणाली, तिथंही एक अर्ज आहे. मग मी उठले. भिंतीवरच्या फोटोपुढे उभी राहिले आणि म्हटलं, पोरीकडे लक्ष असू द्या. मी त्या फोटोला कधी काही मागत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. पण तेवढं मागितलं.

दिवाळी झाली, संजय-माया टोळीबरोबर कर्नाटकात गेले आणि मागे आम्ही दोघी राहिलो. नऊ कॉलेजं, आणि सगळे फॉर्म फोनवर. ती इंग्रजीतला प्रश्न मराठीत सांगायची आणि मी शेंगा फोडत उत्तर द्यायची. घर कोणत्या साली विकत घेतलं? (घर विकत घेतात होय? घर असतं. पडलं की परत उभं करायचं.) वडील कुणाकडे नोकरीला? मुकादमाचं नाव लिहिलं. मग मुकादमाचा ईमेल पाहिजे झाला. मुकादमाला वाटलं, आपल्यावर केस होतेय. त्यानं तिकडे फडात संजयला सगळ्या टोळीपुढे उभं केलं आणि विचारलं, 'काय बे, माझी तक्रार थेट अमेरिकेत नेलीस का?' संजय दिवसभर त्याची समजूत काढत होता, आणि त्या दिवशी त्याच्या कोयत्याला एक गाडीसुद्धा ऊस निघाला नाही.

मग आलं, घरात माणसं किती? आता ह्याला काय सांगावं? दिवाळीपासून पट्टा पडेपर्यंत दोन, नंतर चार. फॉर्मला एकच आकडा पाहिजे होता. तिनं चार लिहिला. मी म्हटलं, अगं, ते म्हणतील ही चौघं रोज एका ताटाला बसतात, ह्यांना कसली अडचण आलीय? ती म्हणाली, आजी, ह्यात तसं लिहायला जागा नाही. एवढा लांबलचक फॉर्म, आणि नेमकी एवढीच जागा नव्हती.

पुढे एक रकाना आला, घरातल्या मोठ्या माणसांचं शिक्षण. संजय नववी, माया पाचवी. माझ्या नावापुढे तिनं काहीतरी लिहिलं आणि वाचून दाखवलं नाही. म्हटलं, वाच. म्हणाली, 'शिक्षण नाही' असं आहे. म्हटलं, 'घरी झालं' असं लिही. ती हसली, पण खोडलं नाही. हिचं सत्यशीला नाव हिच्या आजोबांनी ठेवलं. ते ठेवून गेले, निस्तरायला मी मागे राहिले.

जानेवारीत एका कॉलेजचा निरोप आला की मुलाखत घेणार. त्या कॉलेजात शिकून आलेल्या एक बाई पुण्याला असतात, त्या फोनवर तोंड दिसेल असं बोलणार. आता तूच सांग. अनोळखी शहरातली बाई पोरीला बघणार, बोलायला लावणार, घरदार विचारणार आणि शेवटी 'कळवतो' म्हणणार. ह्याला आपल्यात काय म्हणतात? मी तीन नणंदा आणि दोन लेकी ह्याच अंगणातून दाखवल्यात. मला कुणी शिकवायची गरज नव्हती. शेजारच्या केसरबाईकडून दोन गादीच्या खुर्च्या आणल्या, तिच्याच सुनेचा फुलाफुलांचा पडदा आणला. आणि केसरबाईच्या दोन्ही म्हशी आणून आमच्या अंगणात बांधल्या, दार उघडं ठेवलं की पोरीच्या खांद्यामागे बरोबर दिसतील अशा. (केसरबाईचा नवरा सुग्रीव म्हणाला, 'म्हशींचीबी मुलाखत हाय का?' त्याला चहा दिला आणि गप्प बसवला.) पोहे केले, वर कोथिंबीर टाकली आणि बशी फोनसमोर ठेवली.

'आजी, त्या बाई फोनमधून खाणार हायेत का?'

'नसंना का खायनात. केले व्हते एवढं तरी दिसंल.'

पाऊण तास पोरगी इंग्रजीत बोलली. मी पडद्याआड उभी. मला एक शब्द कळला नाही, पण कचरू, ती हात हलवत होती, हसत होती, मध्येच त्या बाईंना थांबवून आपलं म्हणणं सांगत होती. घरात ती अशी बोलत नाही. घरात तिला बोलायला वेळच नसतो. आईबाप ऊसतोडीला गेलेली अकरा पोरं वस्तीवर मागे राहतात, त्यांना ती रोज दिवेलागणीला गोळा करते, गणितं घालते आणि प्रत्येकाचा आवाज फोनमध्ये भरून त्याच्या आईला पाठवते. ते तिनं बाईंना सांगितलं असणार, कारण बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मग बाई मराठीत म्हणाल्या, 'आजी आहेत का घरात? सारखं आजी आजी चाललंय, जरा बोलू तरी दे.'

मी पदर सावरून खुर्चीवर बसले. बाईंनी नमस्कार केला. चांगली होती रे बाई, आवाजात काटा नव्हता. विचारलं, 'सत्यशीला एवढी लांब आली तर तुमचं कसं होईल? आणि खर्चाची सगळी मदत लागेल असं तिनं लिहिलंय, ते तसंच आहे ना?'

आणि माझी जीभ घसरली. समोर पाहुणा बसला की कमी सांगायची ह्या तोंडाला सवयच नाही. मी म्हटलं, 'मदत? आमाला कशाला मदत? बारा एकर बागायत हाय. हिरीला उन्हाळ्यातबी पानी ऱ्हातं. ट्रॅक्टर हाय, पोरगा घिऊन गेलाय. म्हशी तर तुमच्या म्होरंच उभ्या हायेत.' पोरीकडे बघितलं तर तिचं तोंड पिठासारखं पांढरं. आपलं दीड एकर, तेही आभाळाच्या भरवशावर, हे तुला माहीत आहे. अकरावा एकर कुठून आला हे मला अजून कळलं नाही, बारावा तर लांबच राहिला. बाई काही विचारणार एवढ्यात अंगणातून केसरबाई ओरडली, 'दगडाबाई, उरकलं का? माझ्या म्हशी सोडते, धारंची येळ झाली!' आणि त्याच वेळी नेटवर्क गेलं. बाईंनी त्यातलं किती ऐकलं, देवालाही ठाऊक नसेल, आपण तर त्याला मानतही नाही.

गार झालेले पोहे पोरीनं उभ्या उभ्या खाल्ले, बशी घासून ठेवली आणि मग बाईंना लिहून कळवलं की आजी प्रेमानं बोलली, फॉर्ममध्ये आहे तेच खरं. बाईंचं उत्तर आलं की पैशाचं मी काही ठरवत नाही, तू काळजी करू नकोस. पाहुणे असंच म्हणतात. ही गोष्ट तिनं आजपर्यंत आईबापाला सांगितली नाही. संजय मला विचारतो, मुलाखतीला काय झालं गं आई? आणि ती मधेच म्हणते, 'आजीनं लई भारी पोहे केलते.'

मार्चच्या शेवटी निकाल लागले. वस्तीत नेटवर्क पाण्याच्या टाकीच्या पायरीवर चांगलं येतं. सकाळी ती तिथं जाऊन बसली. मी दारातून बघत होते. ती फोनवर बोट फिरवायची, थोडं थांबायची, परत फिरवायची. खाली आली आणि झाडू घेतला. मी म्हटलं, 'काय म्हणतेत?' म्हणाली, 'आठ न्हाई म्हणले. एकानं थांब म्हणलंय.' पंगत भरलीय, दारात उभे राहा, कुणी उठलं तर बोलावू, अशी ती थांबणाऱ्यांची यादी असते. आणि ते कॉलेज कुठलं, तर त्याच पुण्याच्या बाईंचं. पण पैसे लागणाऱ्या परदेशी पोराला त्या यादीतून सहसा कुणी आत घेत नाही, हेही तिनंच सांगितलं, कोपरे झाडता झाडता.

आठही पत्रं मी तिच्याकडून वाचून घेतली. एवढं गोड 'नाही' मी जन्मात ऐकलं नाही. तुमच्या अर्जानं आम्ही भारावून गेलो, तुमचं पुढे फार चांगलं होणार. अरे, मग घ्या की! आपल्यात स्थळाला नाही म्हणायचं असलं की फोन उचलायचा बंद करतात. माणूस दोन दिवस वाट बघतो आणि समजतो. ह्यांनी पान पान लिहिलं आणि कशामुळं ते एका ओळीतही सांगितलं नाही. पोरगी म्हणते, आजी, तुझ्यामुळं नाही, हजारो पोरं होती, बाकीच्या आठ जणांनी तर तुला बघितलंसुद्धा नाही. ते बरोबर असेल. पण नवव्या बाईंनी बघितलं होतं ना. कचरू, मी त्या बारा एकरांत रोज फिरून येते. एवढं मोठं रान, आणि मला घटकाभर बसायला बांध सापडत नाही.

आता ती बीडलाच बी.एस्सी. करते म्हणतेय. थांबणाऱ्यांच्या यादीला 'हो, मी थांबते' असं महिनाअखेरीच्या आत कळवायचं असतं, तेही कळवत नाही. विचारलं तर म्हणते, दिवाळीनंतर आईबाप गेल्यावर तुझ्या डोळ्यात औषध कोण टाकणार? (इथं तिनं लिहायचं थांबवलं. म्हणते, हे मामाआजोबांना कशाला? मी म्हटलं, लिही. तुझ्या बापाचा मामा आहे, गावाचा तलाठी नाही.)

अजून पुष्कळ सांगता येईल, पण पोरीचा हात दुखायला लागला. बोलणाऱ्याचं काही दुखत नाही. सगळ्या लहानथोरांना आशीर्वाद, भिवराबाईला दोन जास्त.

तुझी आक्का
दगडाबाई
(अंगठा माझाच आहे. फिसकटला, कारण आता भांडी घासून उठले.)

ता. क. जयंतीला कुणी इकडे येणार असेल तर तुमच्याकडची गुडघ्याच्या तेलाची बाटली पाठव. बाकी काही नको.

आनखी ता. क. कचरू, हे अक्षर दुसरं हाय, भिऊ नको. पत्र मीच टाकून येते म्हणून निघाले. नेकनूरच्या स्टँडवर विठ्ठलराव मास्तर बीडच्या गाडीची वाट बघत बसलेते. त्यांच्याकडून चिकटवलेलं पाकीट उघडून घेतलंय. मास्तरला म्हणलं, मी बोलते तसंच लिवा, सुधरायचं न्हाई.

वर पोरीनं लिवलंय की माझी जीभ घसरली. ती बिचारी तसंच समजती. जीभ घसरली न्हाई. आदल्या दिशी तिनं मला म्होरं बसवून तीनदा सांगितलतं, आजी, त्या बाई पैशाचं इचारतील, तवा हाय ते सांग, दीड एकर कोरडवाहू, आमच्याच्यानं व्हनार न्हाई. मी तीनदा म्हणून दाखवलतं. पाठ व्हतं मला. पण पडद्याआडून तिला तसं हसताना बघितलं. म्हणलं, ही तर निघालीच. संजय-माया सा महिने नसतेत, आन ही चार वर्सं नसनार. मला वाटलं, लई हाय म्हणलं की ते पैसे देनार न्हाईत, पैसे न्हाईत तर पोरगी घरात. चांगली समजून उमजून बोलले मी. म्हशी बांधल्या त्या तेवढ्या खऱ्याच हौसेनं बांधलत्या.

(मास्तर हितं थांबले. म्हणले, दगडाबाई, हे खरंच लिवू का? म्हणलं, लिवा. ते तीनदा खाकरले.)

तवापासनं भिंतीवरच्या फोटोखालून जाते तर मान खाली घालून जाते. माया म्हणती, आईची मान धरली, तेल लावा.

तर तेल नको. तू ये. महिना संपायच्या आत ये. पोरीसमोर बस आन म्हण, आक्का, दिवाळीनंतर माझ्याकडं ऱ्हायला चल, मला तुझ्याबिगर करमत न्हाई. मी मागितलं असं अजिबात दिसू देऊ नको. मी दोनदा न्हाई म्हणंन, तिसऱ्या वक्ताला हो म्हणंन. (दुसऱ्यालाच उठून जाशील, तुझी तशी खोड हाय.) मंग माझं औषध कोण टाकनार म्हणायला तिला जागा ऱ्हानार न्हाई. त्या यादीला ती हो कळवंल. तिथं न्हाई झालं तर पुढल्या साली परत अर्ज करंल, आन बाईनं मला परत बोलावलं तर मी दीड एकर म्हणंन, कोरडवाहूसकट.

भिवराबाईला सांग, तुझ्या पोराच्या लग्नात मी तिच्या भाकरीला जाड म्हणलते, ते मागं घेते. (जाडच व्हत्या. पण घेते.) एक कोपरा दिला तरी बास हाय. डोळ्यात औषध तिनं टाकावं, मी हूं का चूं करनार न्हाई.

आन ह्यातलं पोरीला काय सांगू नको. न्हाई, थांब. मास्तर, ते खोडू नका, पुढं लिवा. सांग तिला. एवढं तिच्यापासनं लपवून मला ऱ्हावनार न्हाई. पण आत्ता न्हाई. इमानात जाऊन बसली की सांग. तिथनं उतरून घरी येता येत न्हाई म्हणतेत.